डावखुरी पंगत

जुन्या बाजारात इंग्रजी अमदानीतल्या एका सचित्र साप्ताहिकाचं सुटं पान मिळालं. चित्र आपल्याकडच्या पंगतीचं, पण विलायतेत लाकडावर कोरून छापलेलं. मावशीने चष्मा लावून पाहिलं. "अगंबाई, सगळे डाव्या हाताने जेवतायत!"

ठशावर चित्र उलटं कोरलं, तरच कागदावर सुलटं उमटतं. कोरणारा ते विसरला असावा. तिकडे ते खटकणार तरी कुणाला?

कोपऱ्यात मात्र एकजण उजव्या हाताने जेवत होता. म्हणजे खऱ्या पंगतीत तेवढा एकच डावखुरा! किती बोलणी खाल्ली असतील त्याने?

मावशीही डावखुरी. लहानपणी जेवताना तिचा डावा हात बांधून ठेवत. त्याच हाताचं बोट कोपऱ्यातल्या माणसावर टेकवून ती म्हणाली, "बाबा रे, एकदा तरी तुझंच बरोबर ठरलं!"