मंदाने लावून ठेवलेले अकरा धडे

मंदा गेल्याचा फोन सकाळी आठला आला, आणि दुपारी दोनला तिचा धडा आला.

खोटं कशाला सांगू, माझ्या हातातून फोन सुटला. मुलुंडच्या तिच्या घरात आम्ही शेजारणी जमलो होतो, तिचा मुलगा नितीन हॉस्पिटलच्या कागदांत अडकला होता, आणि वर्गाच्या ग्रुपवर तिचा आवाज खणखणीत म्हणत होता, "बसा गं पोरींनो, वह्या काढा." लगेच खाली घाटकोपरच्या रेश्माचा निरोप, "बाई, आवाज छान येतोय, बरं वाटतंय ना?" तिला अजून कळलं नव्हतं. पडलेला फोन उचलला. मग आठवलं. छोटंसं ऑपरेशन आहे, चार दिवसांत येते, असं सांगून जाण्याआधी तिने अकरा धडे रेकॉर्ड करून, तारीख-वेळ लावून ठेवले होते. मला दाखवलंही होतं. "शकू, कुकर लावतो ना आपण, तसं हे. लावायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं." चार दिवसांसाठी अकरा धडे कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता रोज विचारते.

मंदा पालिकेच्या शाळेत गणिताच्या बाई. निवृत्त झाल्यावर, शाळा सुटलेल्या बायकांना बाहेरून दहावीला बसवायचं तिने मनावर घेतलं, आणि पहिला बकरा मी! सातवीत शाळा सुटलेली, औषधाच्या कंपनीत गोळ्या पाकिटात भरता भरता म्हातारी झालेली. काठावर का होईना, पास झाले, आणि तिची मदतनीस बनले. वर्ग फोनवर, दुपारी दोनला, बायकांची भांडी आटोपतात तेव्हा. पण कुणी कॅमेरा लावेना. कुणाचा सासरा मागे झोपलेला, कुणाला घर दाखवायची लाज. मंदाने तोड काढली. दोन स्टीलचे डबे, त्यांवर आडव्या दोन पट्ट्या, त्यांवर फोन, कॅमेरा खाली वहीकडे. दिसणार ते फक्त हात. ती हातांवरून एकेकीला ओळखायची. "रेश्मा, बांगड्या वाजतायत, पेन्सिल नाही वाजत!" आपला आपण तपासून मार्क देणारा चाचणीचा फॉर्म तर तिचा फार लाडका. तपासण्याचा वाचलेला वेळ ती अडलेल्या पोरीला फोन करण्यात घालवी. मला मात्र प्रत्येक बटणाची धास्ती. काही पुसलं गेलं तर? ती वैतागली की मालवणीवर यायची, "घाबरतंस कित्याक गो? मोबाइल काय चावता?"

ते धडे एकेक करून संपत गेले तसतशी माझी झोप उडाली. बायका डोळे पुसत ऐकायच्या, गणितं सोडवायच्या. पण परीक्षा जवळ आलेली, चार प्रकरणं बाकी. सातव्या धड्याच्या दिवशी रेश्माचा फोन आला. "मावशी, सासू म्हणते, बाई गेल्या, आता तुझं खूळ पण जाऊ दे. मी म्हटलं, धडे येतायत ना अजून! पण अकराच्या पुढे आहेत ना?"

"आहेत तर," मी म्हटलं. चक्क खोटं बोलले. फोन ठेवला आणि राहिलेले धडे उघडून बसले.

मदतनीस म्हणून लावलेले धडे मला उघडता-बदलता यायचे, पण पहिल्या दिवशी आधी बघायचं धाडस झालं नव्हतं. अकरावा लावला. शेवटी मंदा म्हणाली, "शाब्बास, उद्या भेटू." आणि रेकॉर्डिंग बंद करायला विसरली. वहीवर तिचे दोन हात तसेच राहिले. मग एका हाताने दुसरा घट्ट धरला, तरी दोन्ही थरथरतच होते. हळूच म्हणाली, "आई गो... माका भ्या वाटता." थोड्या वेळाने हात पुढे आला आणि पडदा काळा झाला.

मला दम देणारी मंदा! तिच्यासमोर बसून त्या दिवसांत मी हसत होते, चहा पीत होते, ऑपरेशनवरून थट्टा करत होते... एकदाही हात हातात घेतला नाही.

पोरींना ते दाखवायचं नव्हतं. शेवटचा तुकडा कापायचा कसा, हे तिने शिकवलेलं, पण मी कधी केलेलं नव्हतं. चुकलं तर अख्खा धडा जाणार. देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. धडा राहिला. मंदाला हे लिहिलेलं आवडलं नसतं, पण लिहिते.

बाराव्या दिवशी वर्ग घ्यायला मी नितीनकडून किल्ली घेतली आणि तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या डब्यांपाशी बसले. खिडकीतून ऊन तिच्या वहीवर येतं. पडद्यावर एकेक करून हात उगवले, आणि मध्ये माझा, सुरकुतलेला, लटलट कापणारा. लपवायला जागाच नाही. वर्गसमीकरण लिहिलं. दुसरी ओळ लिहिली.

"मावशी," रेश्मा म्हणाली, "वजाचं चिन्ह राहिलं."

तिच्या मागून सासूचा खरखरीत आवाज आला, "कोण चुकलं गं?"

"मावशी, आई."

"मग नीट समजाव की तिला! म्हातारं माणूस आहे."

सगळ्याजणी हसल्या. मी खोडलं, वजाचं चिन्ह लिहिलं, पुढची ओळ घेतली. उद्या दोनला पुन्हा वर्ग आहे. डबे आणि पट्ट्या तशाच मांडून ठेवल्यात.