तिच्या खेळाला माझे लाल शेरे

माझ्या बायकोची नजर जात होती आणि मी तिला मार्क देत होतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझी दया यायला नको.

छत्तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झालो तेव्हा शिकवायला घरात एकच माणूस उरलं होतं. मुलगी लग्न होऊन वाघोलीला गेली आणि तिचा जुना कॉम्प्युटर आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्येच राहिला. त्यात तो चिनी ठोकळ्यांचा खेळ होता. ठोकळ्यांची रास असते, सारख्या चित्रांची जोडी हुडकून दाबली की ती नाहीशी होते, रास संपली की घड्याळ थांबतं. बायको रोज दुपारी मागचं आवरून, चष्मा पदराला पुसून खेळायला बसायची. मला त्याचा राग यायचा. बहुतेक माझ्याशिवाय तिला काहीतरी जमतंय, याचाच.

जानेवारीत मी गंमत म्हणून सुरुवात केली. भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या त्या तारखेच्या चौकटीत, लाल पेनानं तिची मिनिटं लिहायची. तेव्हा सहा लागायची. मार्चमध्ये नऊ लागायला लागली. घसरलेला विद्यार्थी दिसला की मास्तरचा हात शिवशिवतोच, मग मी मिनिटांशेजारी शेरेही लिहू लागलो. 'लक्ष नाही.' 'पुन्हा घसरण.' एकदा नुसतंच 'ढ'. तिनं त्यातलं काही कधी खोडलं नाही.

तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्याच्याच मधोमध धुरकट डाग आला होता. ठोकळ्यांवरच्या सरळ रेघा तिला वाकड्या दिसायच्या. डॉक्टर काय सांगतील याची तिला धास्ती होती. म्हणून आज वेळ कमी लागला तर डोळा बरा आहे असं समजायचं, अशी तिची रोजची स्वतःशीच पैज. हे सगळं मला नंतर मुलीकडून कळलं. तेव्हा मी खुर्चीमागे उभा राहून म्हणायचो, "समोर तर आहे जोडी. डोळे काय गहाण टाकलेस?"

चैत्रातल्या हळदीकुंकवाला सोसायटीतल्या सात-आठ बायका आल्या होत्या. आंब्याची डाळ खाऊन झाली, पन्हं चाललं होतं. मी आतून आलो, कॉम्प्युटर सुरू केला आणि सगळ्यांदेखत तिला म्हटलं, जरा खेळून दाखव. वर्गात एखाद्याला फळ्यापाशी उभं करून पोरांना हसवायची माझी जुनी खोड. ती नको नको म्हणत खेळायला बसली. तीनदा चुकीचे ठोकळे दाबले. मी हसलो म्हणून बायकाही हसल्या. "जाऊ दे, उकडतंय फार," म्हणत ती उठली आणि पन्ह्याचा पेला टेबलावर ठेवायला गेली. तो टेबलाच्या कडेबाहेर ठेवला गेला. फरशीवरचं पन्हं तिनंच पुसलं. त्या दिवशीच्या चौकटीत मी 'नापास' लिहिलं.

जूनमध्ये एकदा मुलगी दारात उभी होती आणि ही तिला विचारत होती, कोण हवंय आपल्याला? मुलीनं दुसऱ्याच दिवशी आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे कधीपासून? बायकोनं पिशवीतून कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "ह्यांनी रोज लिहिलंय," ती म्हणाली.

डॉक्टर पानं उलटत गेल्या. बरं झालं काका, एवढी काळजी कोण घेतं, असं काहीतरी मला म्हणाल्या. मग त्यांनी शेरे वाचले. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मार्चच्या पानावर बोट ठेवून त्यांनी बायकोला सांगितलं की तेव्हा आला असता तर इंजेक्शनांनी बरीच नजर वाचली असती, आता उरलेली टिकली तरी पुष्कळ. बायकोनं मान डोलावली, जणू दुसऱ्या कुणाचं चाललंय.

मुलगी औषधं घ्यायला थांबली. आम्ही दोघं रिक्षानं निघालो. मला फार वाईट वाटत होतं, रडू येईलसं झालं होतं, आणि तोंडातून निघालं ते मात्र खेकसणंच. "एका शब्दानं सांगायला काय झालं होतं?"

तिनं तोंड रस्त्याकडे केलं होतं. "सांगितलं असतं, तर तुम्ही तेही लिहिलं असतंत."

लिहिलं असतं. 'सबबी नकोत', असं.