कुणाचा माग बंद?

मागावर बसणाऱ्या माणसाला गप्पा मारायची सवय नसते. त्या खडखडाटात ऐकणार कोण! पण वडगावातल्या आमच्या गल्लीत तापाची वही फिरायला लागली आणि कांडीवर सूत चढावं तसे किस्से चढत गेले. मी तिसरी शिकलेला. जमतील तसे सांगतो.

*

वही शोभाची. ती आशा कार्यकर्ती, जवळच्या मच्छे गावातल्या शेतकऱ्याची पोर. दर सोमवारी दारोदार विचारायची, "ताप, खोकला कुणाला?" फ्लू कुठं वाढतोय ते दवाखान्याला त्या वहीवरून कळतं.

पहिल्या दिवशी मी तिला उंबऱ्यावरच अडवलं. माझ्या बायकोला दमा. साधा फ्लूही तिला झेपायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"घरोघरचा ताप घेऊन हिंडतीस. आत यायचं न्हाय!"

"बरं, आप्पा." ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "मग तुमच्यात ताप कुणाला?"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. "कुणाला न्हाय!" मी ओरडलो. तेही गल्लीनं ऐकलं.

*

मागांच्या आवाजात दार वाजवलेलं कुणाला ऐकूच जायचं नाही. पोर दारादारात ताटकळायची. मला बघवेना.

"दारं कशाला बडवतीस? कान दे. माग चालू, म्हणजे माणूस धड. बंद असंल तिथं जा."

पुढच्या सोमवारी ती धापा टाकत आली. "आप्पा, समदी गल्ली आजारी पडली! एकबी माग वाजंना!"

"करंट गेलाय गं!"

*

समोरचा सिद्धाप्पा तालमीतला गडी. त्याचा माग दोन दिवस बंद. शोभानं दवाखान्यातल्या सिस्टरला बोलावून आणलं. नाकात घालायची काडी बघितल्यावर सिद्धाप्पा मागाच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

"मला ताप न्हाय! बीमावरचं सूत संपलंय, म्हणून माग बंद!"

सिस्टरनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढला. "मग हे काय?"

"तालमीतली गरमी!"

रिपोर्ट आला. फ्लू!

*

त्याच आठवड्यात सिद्धाप्पाच्या ओळीतले आणखी तीन माग गप्प झाले. शोभानं त्याच दिवशी कळवलं. औषध वेळेवर पोचलं आणि कुणालाही अॅडमिट करावं लागलं नाही. शहरातून मोठे डॉक्टर बघायला आले.

"इतक्या लवकर कळलं कसं?"

शोभानं माझ्याकडं बोट दाखवलं.

"कुठलं मशीन वापरता?" डॉक्टरांनी विचारलं.

"पॉवरलूम," मी सांगितलं.

डॉक्टर हसले नाहीत. लिहून घेतलं.

*

गेल्या थंडीत माझंच अंग तापलं. गल्लीचा ताप सांगणाऱ्याचं नाव त्याच वहीत? जमायचं नाही! बायकोलाही बोललो नाही. माग चालू ठेवला की झालं, असं ठरवून बसलो.

पण तापानं नजर ठरेना. धागा तुटायचा, माग थांबवायचो, गाठ बसायची नाही. पुन्हा चालू, पुन्हा बंद. आतल्या खोलीत बायको कांड्या भरत होती. ती दोनदा खोकली.

वर बघितलं, तर रस्त्यावर शोभा. तोंडाला मास्क. आत यायचं न्हाय, हे माझं बोलणं तिनं अजून पाळलं होतं.

"आप्पा, ताप कवापास्नं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या मागानं. एरवी एकसारखा पळतोय. आज सारखा अडखळायलाय."

मी बटण बंद केलं. तिनं वही उघडली.

"माझं नंतर लिही," मी म्हटलं. "आधी आत ये. हिला बघ."

दोघांनाही फ्लू निघाला. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या.

आता सोमवारी शोभा गल्लीत शिरते, नेमकी त्याच वेळी बायको आतून हाक मारते, "अवो, च्या गार व्हायलाय. थांबवा की तो माग!"

"थांब जरा," मी म्हणतो. "पोर ऐकतीया."