खोटी कटिंग

माझे भाऊजी न्हावी आहेत आणि माणसांविषयीचं त्यांचं सगळं ज्ञान मागच्या बाजूनं मिळवलेलं आहे. समोरून माणूस कसा दिसतो याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तर ते गोंधळून बघत राहतात, आणि तोच माणूस पाठ फिरवून निघाला की मागून ओरडतात, "अरे, तुम्ही होय!" ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "केसानं गळा कापणारा नाही ना, तेवढं बघून घे." हा विनोद मी अजून सोडलेला नाही आणि भाऊजी अजून त्याला हसतात. यावरून माणूस किती गरीब स्वभावाचा आहे ते लक्षात यावं.

त्यांच्याच वरच्या मजल्यावर मी राहते. एक खोली, एक शिलाई मशीन, आणि लोकांच्या सैल झालेल्या, घट्ट झालेल्या, उसवलेल्या कपड्यांचा ढीग. ताई कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसते. त्यांना दोन मुलं. मुलगा आठ वर्षांचा, घरात सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून त्याला मास्तर म्हणतात. मुलगी पाच वर्षांची, तिचं नाव गुंडी पडलं, कारण जन्मली तेव्हा ती शर्टाच्या गुंडीएवढी होती असं भाऊजी शपथेवर सांगतात. मी दवाखान्यात हजर होते. चांगली गुटगुटीत होती.

भाऊजी ज्या सलूनमध्ये होते ते मंगळवारी बंद असायचं. रविवारी सगळ्या गावाला एकदम केस वाढल्याचा साक्षात्कार होतो, त्यामुळे त्या दिवशी ते सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभेच. सुट्टी मंगळवारची. म्हणून त्यांच्या घरात मंगळवारालाच रविवार म्हणत. दुपारी शाळा सुटली की बाबा दारात उभे, घरी आल्यावर तिघांचं ऑम्लेट-ब्रेड, तेही टेबलावर नाही, पलंगाखाली चादर अंथरून. ताई संध्याकाळी घरी येऊन चादरीवरचे तुकडे झाडायची आणि बडबडायची. एकदा शाळेत बाईंनी सुट्टी कोणत्या वारी असते असं विचारलं, तर गुंडीनं ठणकावून मंगळवार सांगितलं, आणि बाईंनी ते चूक ठरवल्यावर घरी येऊन म्हणाली, "बाईंना वार येत नाहीत."

या मंगळवारातली मुख्य गोष्ट म्हणजे खोटी कटिंग. कपाटाच्या आरशासमोर उंच स्टूल ठेवायचं, गळ्याभोवती जुनी चादर बांधायची, केसांवर पाण्याचा फवारा मारायचा आणि विचारायचं, "काय साहेब, बारीक करू की मध्यम?" मग कंगवा खरा चालायचा आणि कात्री खोटी. भाऊजी आपली बारीक पात्याची कात्री मुलांच्या डोक्याभोवती हवेतच चालवायचे. कचकच आवाज व्हायचा, पण एक केस खाली पडायचा नाही. मास्तर या वेळी एखाद्या मंत्र्यासारखा ताठ बसायचा. गुंडीचं मात्र कात्री कानाजवळ आली की खांदा वर, मान आत, आणि "गुदगुल्या, गुदगुल्या!" कात्री तिला शिवायचीसुद्धा नाही, नुसत्या आवाजानं तिला गुदगुल्या व्हायच्या. आधी उजवा कान, मग डावा. दोन्हीकडं तोच तमाशा, दर मंगळवारी.

"हा काय वेडेपणा?" असं मी एकदा विचारलं होतं.

"मेहुणीबाई, त्याचं असं आहे," ते म्हणाले, "मुलाला समोर बसवून विचारा, शाळेत काय झालं? तो म्हणणार, काही नाही. समोरून विचारलं की मुलं आपल्याला आवडेल ते सांगतात. मागं उभं राहा, हात डोक्यावर ठेवा आणि काहीच विचारू नका. सगळं आपोआप बाहेर येतं. मोठ्यांचंही तेच. माझ्या खुर्चीत बसून लोक काय काय बोलतात, त्यांच्या बायकांना माहीत नसेल."

आणि खरंच, मास्तरला अंधाराची भीती वाटते हे ताईला खोट्या कटिंगमुळे कळलं. गुंडीनं डबा तीन दिवस मांजराला घातला हेही तिथंच उघडकीला आलं. मुलं आरशात स्वतःकडं बघत बोलत राहायची आणि भाऊजी त्यांच्या डोक्यावरच्या भोवऱ्याकडं बघत ऐकत राहायचे. बाप म्हणजे मुलांचे भोवरे पाठ असलेला माणूस, असं ते म्हणायचे.

मग ताईनं आणि मी त्यांच्या मागं लकडा लावला. मुलांना बाप रविवारी हवा, असं आमचं म्हणणं. सगळ्यांचे बाप रविवारी बागेत दिसतात, तुमची मुलं आईचं बोट धरून फिरतात. एका कॉलेजच्या वसतिगृहात न्हाव्याची जागा निघाली, तिथं रविवारी सुट्टी होती. भाऊजी नको-हो करत गेले आणि त्यांना ती जागा मिळाली. पहिल्या रविवारी आम्ही सगळे बागेत गेलो. भाऊजी इतके खूश होते की अनोळखी लोकांना समोरून हात करत होते.

पण रविवारच्या घरात माणसं फार. ताईचं कपडे धुणं, मास्तरचे मित्र दारात, आणि माझा तोंडाचा पट्टा तर सकाळपासून खाली हजर. एका रविवारी त्यांनी स्टूल काढलं, तर मास्तरचे तीन मित्र बघायला उभे राहिले. मास्तर लाजून पळाला. गुंडी बसली, पण सगळे हसायला लागल्यावर तीही उतरली. स्टूल पुन्हा कपाटामागं गेलं. मंगळवारी दुपारी मुलं माझ्याकडं यायला लागली.

त्याच सुमाराला गुंडीला मोठी सर्दी झाली. सर्दी गेली, पण मुलगी बदलली. हाक मारली तर ओ देईना. टीव्ही एवढा मोठा लावायची की मला वर मशीनचा आवाज येईना. बोलणंही ओरडून. शाळेतून निरोप आला की लक्ष देत नाही, सांगितलेलं करत नाही, म्हणून तिला पुढच्या बाकावरून उचलून उजवीकडच्या भिंतीला खिडकीशी बसवलंय. ताईचं डोकं पिकलं. मी म्हटलं, यात न कळण्यासारखं काय आहे? मंगळवार गेला म्हणून बाईसाहेब रुसल्यात. लाडोबा करून ठेवलंय बापानं, आता भोगा.

भाऊजींना हे माझ्यापेक्षा जास्त पटलं, हे वाईट झालं. एका संध्याकाळी ते जिन्यात बसलेले दिसले, कात्री-कंगव्यांची बॅग मांडीवर. "मी मागून हाक मारतो," ते म्हणाले, "पूर्वी नुसतं 'गुं' म्हटलं तरी वळायची. आता वळतच नाही. मास्तर रागावला तर भांडतो, ते परवडतं. ही भांडतसुद्धा नाही. एक रविवार मिळवायला गेलो आणि पोरगी घालवून बसलो, मेहुणीबाई." मी चेष्टा न करता त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

वसतिगृह सोडून पुन्हा सलूनमध्ये जावं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पण सलूनमालकानं त्यांच्या जागी माणूस ठेवला होता.

अशात एका मंगळवारी मी एका पॅंटची चेन बदलण्यात गुंतले होते आणि मुलं मागं खेळत होती. फार शांत होती. मुलं शांत असली की बघावं, हे ज्यांना मुलं आहेत त्यांना कळतं. मला मशीनच्या आवाजात कळलं नाही. वळून पाहिलं तर माझ्या आरशासमोर स्टुलावर गुंडी, गळ्यात माझं अस्तराचं कापड, मागं मास्तर, आणि त्याच्या हातात माझी कापडाची मोठी कात्री. जमिनीवर केसांचा झुपका. डाव्या कानाच्या वरची जागा पार मोकळी झाली होती.

"आज रविवार आहे ना," मास्तर म्हणाला. म्हणजे मंगळवार. "बाबा नाहीत म्हणून मी करतोय. पण तुझी कात्री खोटी चालत नाही, मावशी."

गुंडी आरशात खूश होती. "मास्तरनं माझी खरी कटिंग केली!" ती ओरडली.

तो कान थोडक्यात वाचला होता. आधी मास्तरला धपाटा घातला, मग दोघांना जवळ घेतलं, मग कात्री कपाटावर टाकली. संध्याकाळी ताईनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

भाऊजी आले. त्यांनी गुंडीला पाठमोरी उभी केली, नुकसान पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. "हात चांगला आहे, मास्तर. कात्री चुकली." मग कपाटामागचं स्टूल निघालं, चादर निघाली. "या बाईसाहेब, दुरुस्ती करू." गुंडी टुणकन चढून बसली. रुसलेली मुलगी अशी बसत नाही, पण तेव्हा माझ्या ते डोक्यात आलं नाही.

उजवी बाजू आधी. कात्री कानाजवळ कचकचली आणि गुंडीचा खांदा वर गेला. "गुदगुल्या!" भाऊजींचा चेहरा उजळला. मग ते डावीकडं गेले. कात्री चालली. गुंडी वर्गातल्या कुणाच्या पाळलेल्या कासवाबद्दल सांगत होती, ती सांगतच राहिली. खांदा हलला नाही.

भाऊजी थांबले. कात्री केसांपासून लांब घेतली आणि डाव्या कानाशी हवेत पुन्हा चालवली, जोरात. कासवाची गोष्ट पुढं चालू. उजवीकडं येऊन एकदाच कच केलं. "बाबा, नको ना!"

"जरा बाजूला व्हा," ते आम्हाला म्हणाले. स्वतःही असे सरकले की आरशात त्यांचं तोंड दिसू नये. डाव्या कानाशी वाकून हलकेच म्हणाले, "गुंडे, आइसक्रीम खायचं?" कासव आता बादलीतून पळालं होतं. ते उजव्या कानाशी आले आणि तितक्याच हलकेच तेच म्हणाले.

गुंडी गर्रकन वळली. "कुठलं?"

"काय खेळ चाललाय?" ताई म्हणाली. भाऊजी खाली जमिनीवरच बसले, कापलेल्या केसांत. "तिला या बाजूनं ऐकू येत नाहीये," ते म्हणाले. "रुसलेली नाही ती. ती रुसलेलीच नाहीये गं." आणि ते रडायला लागले. घाबरून रडत होते की सुटका झाली म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला आठवलं, खिडकीशी बसवल्यापासून तिची डावी बाजू बाईंकडं होती. आम्ही सगळ्यांनी तिला काय काय म्हटलं होतं, आणि तिला त्यातलं अर्धं ऐकूही गेलं नव्हतं, हे एका परीनं बरंच झालं.

डॉक्टरांनी तपासलं. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागं पाणी साठलं होतं. लहान मुलांत होतं असं, औषध देतो, वाट पाहू, बहुतेक आपोआप निचरा होईल. नाही झाला तर छोटी शस्त्रक्रिया. त्या 'बहुतेक'वर आमच्या घरानं दिवस काढले. ताई देवाशी बोलायची, मी ताईशी, आणि भाऊजी कुणाशीच नाही.

वसतिगृहाच्या व्यवस्थापकांकडं जाऊन त्यांनी रविवारची सकाळ देऊन मंगळवारची दुपार मागून घेतली. व्यवस्थापक तर खूशच झाले. पोरांना केस कापायला वेळ असतो रविवारीच, आणि न्हाव्याला त्याच दिवशी सुट्टी द्यायची ही अक्कल कुणाची होती, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

स्टूल पुन्हा आरशासमोर आलं. आधी उजवा कान, मग डावा. उजवीकडं खांदा वर, डावीकडं काही नाही. पुढच्या मंगळवारीही काही नाही. मी म्हटलं, "तिलाच विचारा ना, ऐकू येतंय का म्हणून." तर म्हणाले, "विचारलं की ती मला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल. एवढंसं तोंड करून विचारणारा बाप समोर असला की कुठलं मूल नाही म्हणेल?" आरशाच्या डाव्या अर्ध्यावर त्यांनी टॉवेल टाकून ठेवला होता, कात्री दिसू नये म्हणून.

मी शिवणकाम खाली आणून बसायला लागले. टाके वाकडे पडत होते, पण वर बसवत नव्हतं.

अशाच एका मंगळवारी गुंडी बाकाबद्दल सांगत होती. तिला पुन्हा पुढं बसवलं होतं आणि शेजारच्या मुलीचा डबा फार चांगला असतो. मास्तर पलंगावर गृहपाठ करत होता. उजवा कान झाला. भाऊजी डावीकडं गेले. टॉवेल टाकलेल्या बाजूला कात्री उचलली. कच.

"आणि ती मला रोज अर्धा..." गुंडी थांबली. डावा खांदा हळूच वर गेला, मान आत गेली. "बाबा! गुदगुल्या नको ना! मी सांगतेय ना!"

भाऊजींनी पुन्हा कच केलं. पुन्हा खांदा वर. पुन्हा. गुंडी हसून हसून स्टुलावरून घसरायला लागली, त्यांनी एका हातानं तिला धरलं आणि दुसऱ्या हातानं कात्री चालूच ठेवली, डाव्या कानाशी, हवेत, एकसारखी.

मास्तरनं वहीतून डोकं वर काढलं. "बाबा, खरी असती तर त्या बाजूचे केस एव्हाना संपले असते."

"हो रे," भाऊजी म्हणाले. पण त्यांचा हात काही थांबेना.