वडिलांचा तंबोरा

लाखेच्या रोगनाचा वास आला की मला भातकुलीच्या सखूबाई आठवतात. कापूस सोन्यासारखा जपायचे ते दिवस. वैशाखातल्या भर दुपारी वडिलांचा तंबोरा घेऊन मी अकोल्याहून अमरावतीला पहिल्या कीर्तनासाठी निघालो होतो. वाटेत सखूबाईंच्या गार घरात टेकलो आणि लगेच तंबोऱ्याची गवसणी सोडू लागलो.

"आत्ता नोका उघडू, बुवा!" त्या ओरडल्या. "उन्हातून आनला अन् गार हवा लागली, त रोगन तडकन. आमचा पाळणा असाच तडकला."

वडिलांचा तंबोरा कसा जपायचा हे त्यांनी मला शिकवावं, याचा मला राग आला. त्यांनी मात्र विकायला ठेवलेला कापूस आणून गवसणीभोवती लपेटला. निघताना तो परत देऊ लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या. पुढं ऊनच हाय."

वडिलांच्या बोटांनी गुळगुळीत झालेलं ते रोगन आजही शाबूत आहे. तंबोरा हाती घेताना मी वडिलांआधी सखूबाईंना नमस्कार करतो.