सारवलेला कोठा

आमच्या नाटक मंडळीत गुलाब पडदा ओढायचा. झाडीपट्टीतल्या मंडपांमधून टाळ्या आम्ही घेतल्या. त्या कधी पडाव्यात, हे त्याचा हात ठरवायचा. मंडळी मोडली आणि तो जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस झाला. आता टोल्याटोल्यांवर, म्हणजे पाड्यापाड्यांवर जाऊन डुकरांची ताजी विष्ठा डबीत घेतो. साल्मोनेला नावाचा जंतू धडधाकट डुकराच्या आतड्यातही दडून बसतो. माणसाच्या पोटात गेला, की हगवण लावतो. म्हणून कळपांवर ही नजर.

गेल्या वर्षी त्याच्यासोबत मीही धानोऱ्याकडे नीलाबाईच्या घरी गेलो. टोल्यावर बऱ्याच जणांना हगवण लागली होती आणि सगळ्यांचं बोट तिच्या डुकरांकडे होतं. तपासणी झाली, की कळप ठेवायचा की नाही, हे गावसभा ठरवणार होती.

डुकरांचा कोठा पाहून गुलाबने कपाळावर हात मारला. "बाई, हे काय केलं?"

"पाहुणा येते म्हणून सारवलं, भाऊ."

"गाईच्या शेणानं?"

"मंग काय सिमेटनं?"

"आता उचललं ते डुकराचं का गाईचं, कसं समजंल?"

तिचा नवरा चैतू हळूच म्हणाला, "साफ दिसून राह्यलं, तं साफच सांगून टाक ना."

"नाई चैतूभाऊ. जंतू असला, तं तुमचेच लेकरं बिमार पडतीन."

गुलाबने कोठ्यात स्वच्छ ताडपत्री अंथरली आणि उकिडवा बसला. नायिका रंगपटातून निघेपर्यंत दोरी धरून बसायचा, अगदी तसा. दुपारी डुकरिणीला त्याची दया आली.

तपासणीत जंतू निघाला.

गावसभेत गुलाब पहिल्यांदाच पडद्यापुढे आला. "डुकरं हाकलून जंतू जात नाई," तो म्हणाला. कोठा विहिरीपासून दूर न्या, हात साबणाने धुवा, मांस पुरतं शिजवा, पुन्हा तपासू. गावाने तेवढी मुदत दिली. नीलाबाई मात्र त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या खेपेला तिचं अंगण सारवलेलं होतं, खुर्ची मांडलेली होती. सारवण नव्या कोठ्याच्या दारापाशी सरळ रेषेत थांबलं होतं. आत सगळं जसंच्या तसं.

"लाज वाटते भाऊ," ती म्हणाली, "पण तुमच्यासाठी घाण ठेवली."

त्या खेपेच्या डब्यांत जंतू सापडला नाही. कळप राहिला. निकाल सांगताना गुलाब म्हणाला, "एकदा साफ निघालं म्हणून झालं नाई, बाई. मले अजून यावं लागंल."

"या ना," नीलाबाई म्हणाली. "कोठा सारवत नाई."