सावळी पण

आजवर कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो: उभ्या आयुष्यात मी एकाच व्यक्तीला घाबरलो, आणि ती म्हणजे माझ्या बायकोची मावशी. नारायण पेठेत एकट्या राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिकेला खरं तर अख्ख्या पुण्याने घाबरायला हवं होतं. पुण्याला ते कळलं नाही, इतकंच. घरोघरी केबल आली तेव्हा लोक मालिका बघत आणि जाहिराती लागल्या की उठून कुकर लावत. मावशी मालिकेत डुलक्या काढत आणि जाहिरात लागली की ताठ बसत, समोर वर्ग असल्यासारख्या. मग एकेकाची हजेरी. कपड्यांच्या पावडरीला, "अहो, डाग साहेबांच्या शर्टाला, मग रडवेली ही का?" चहाला, "ही बाई इतकी वर्षं चहा करतेय, हिला कुणी पिताना पाहिलंय?" आणि निळ्या डोळ्यांची कुणी परदेशी पोरगी शांपू हातात घेऊन अस्खलित मराठी बोलू लागली की, "आवाज आमच्याकडचा चालतो, तोंड तेवढं चालत नाही."

मी तेव्हा जाहिरातींच्याच कंपनीत होतो. मराठी ओळी लिहायचो. मावशींना मात्र लग्नातच सांगून टाकलं होतं की मी हिशेब बघतो. त्यामुळे दर वर्षी त्या मला इन्कमटॅक्सच्या शंका विचारत आणि मी आमच्या कॅशियरला गाठून आठवड्याने उत्तर देई. जावईबापू विचार करून बोलतात, असा त्यांच्याकडे माझा लौकिक होता.

त्यांचा खरा राग 'पण' या शब्दावर. रविवारी पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती मोठ्याने वाचत: सावळी पण स्मार्ट, सावळी पण नोकरी करणारी. "'गोरी पण सुगरण' असं कुठे वाचलंय का हो तुम्ही?" आणि एकदा चहा गाळता गाळता, पाणी आलं नाही आज, असं सांगावं तसं म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी 'पण'पुढे आधी बी.ए. घातलं, मग एम.ए. घातलं. 'पण' काही हलला नाही."

हे ऐकूनही त्याच वर्षी मी गोरं करणाऱ्या एका क्रीमसाठी ओळ लिहिली: 'सावळी होते. पण होते!' म्हणजे, आता नाही. ऑफिसात पेढे वाटले. येरवड्याच्या पुलाजवळ भलामोठा फलक लागला. एका मुंजीला निघालो असताना मावशींनी नेमकी तिथेच रिक्षा थांबवली, उतरल्या आणि कपाळावर हात धरून ती ओळ दोनदा वाचली. मी आत बसून मीटर बघत होतो.

"हे इंग्रजीवरून उतरवलेलं नाही," परत बसत त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्याचं मराठी चांगलं आहे."

सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला.

"माणूस हुशार आहे, पण..." एवढं बोलून त्यांनी पदर सावरला आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चला."

वर्गात अर्धं वाक्य त्यांना कधी खपत नसे.

आता त्यांना फारसं ऐकू येत नाही. टीव्ही चालू असतो, आवाज बंद. क्रीमवाले हल्ली गोरेपणाला 'तेज' म्हणतात, हे त्यांनी नुसत्या अक्षरांवरून पकडलंय. परवा गेलो तर माझ्यासाठी चहा केला, स्वतःलाही ओतला आणि समोर बसून सावकाश प्यायल्या. मग विचारलं, "हिशेब जुळतात ना हो?"

"जुळतात," मी मोठ्याने म्हणालो.

ती ओळ मी लिहिली, एवढं एक वाक्य मी मावशींचं देणं लागतो. आणि त्या 'पण'च्या पुढे त्या जे बोलतील, ते ऐकून घेणं.